झुरळं जेलला तोंड लावेनाशी होतात, तेव्हा नेमकं काय बदललेलं असतं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मी कशाचं उत्तर देते आहे ते स्पष्ट राहील. कोपरखैरण्यातल्या एका जुन्या सोसायटीत तुमचं घर आहे. दोन वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात झुरळं मारायच्या जेलचे, म्हणजे विष घातलेल्या आमिषाचे, ठिपके लावून घेतले आणि आठवड्याभरात झुरळं दिसेनाशी झाली. मग वर्षाचा करार केलात आणि दर तीन-चार महिन्यांनी तोच माणूस येऊन तेच जेल लावत राहिला. आता मात्र झुरळं ठिपक्यापर्यंत येतात, मिशा लावतात आणि वळून निघून जातात. पेस्ट कंट्रोलवाला म्हणतो, स्ट्राँग स्प्रे मारू. तुम्हाला वाटतं, एक तर जेल भेसळीचं आहे, नाहीतर झुरळं हुशार झाली आहेत. बारावीतली मुलगी म्हणते, ही नैसर्गिक निवड आहे. त्यावर तुमचा आक्षेप असा की उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात, ती दोन वर्षांत ओट्याखाली कशी होईल?

मी कीटकशास्त्र शिकले आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातली घरं, हॉटेलांची स्वयंपाकघरं, एमआयडीसीतले खाद्यपदार्थांचे कारखाने इथे कीटकनियंत्रणाचं काम बरीच वर्षं करते आहे. माझ्या मते तुमच्या मुलीचं म्हणणं बरोबर असण्याची चांगलीच शक्यता आहे. ते ठामपणे सांगण्याआधी दोन-तीन गोष्टी तपासाव्या लागतील, त्या कशा तपासायच्या ते पुढे येईलच. पण एक गोष्ट आत्ताच सांगते. तुम्ही सगळे औषध किती जोरदार असावं यावर चर्चा करताय. त्यापेक्षा औषधातून कोण वाचलं आणि पुढची पिढी कोणाची जन्मली, हे विचारायला हवं.

सुरुवात झुरळाच्या ओळखीपासून करू. तुम्ही लिहिलंय त्यावरून, ट्रॉलीच्या बिजागऱ्यांत, मिक्सरखाली आणि फ्रिजच्या रबरात सापडणारी, दीड सेंटिमीटरच्या आतबाहेरची, फिकट तपकिरी झुरळं असणार. डोक्यामागच्या ढालीवर दोन काळसर उभे पट्टे असतील तर ते जर्मन झुरळ. गटाराच्या चेंबरमधून येणारं मोठं लालसर झुरळ निराळं, त्याचा हिशोबही निराळा. मोठी झुरळं दिसत असतील तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि आधी मोरीच्या जाळ्या आणि चेंबरची झाकणं बघा.

या लहान झुरळाला जर्मन म्हणतात, कारण सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७६७ मध्ये युरोपातल्या नमुन्यांवरून त्याला ते नाव दिलं. त्याचं मूळ मात्र आपल्याकडचं आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १७ देशांतल्या २८१ झुरळांचा डीएनए ताडून पाहिला गेला. त्यातून असं दिसलं की सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरात ही जात आशियाई झुरळापासून वेगळी झाली. ते आशियाई झुरळ आजही बाहेर राहतं, चांगलं उडतं आणि दिव्याकडे झेपावतं. आपल्या स्वयंपाकघरातलं झुरळ उडत नाही आणि उजेड दिसला की पळतं. माणसाच्या घरात टिकायला जे उपयोगाचं, ते दोन हजार वर्षांत निवडलं जात गेलं. म्हणजे आपल्या घरांनी या प्राण्याला घडवण्याचं काम जेल यायच्या कितीतरी आधी सुरू केलं होतं.

आता 'हुशार झाली' याबद्दल. झुरळाला थोडंफार शिकता येतं, हे खरं आहे. एखादा वास आणि एखादा त्रास यांची सांगड ते घालू शकतं. पण त्याने शिकलेलं त्याच्या अंड्यांत उतरत नाही. तुमच्या घरात आज अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाने जेल कधी पाहिलेलंही नाही. तेसुद्धा जेलला तोंड लावत नसेल, तर कोणीतरी शिकलं हा खुलासा पुरत नाही. ती नावड ते पिल्लू जन्मतः घेऊन आलेलं असतं.

ती आली कुठून? बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. लोकांना वाटतं, विष खाऊन खाऊन झुरळाचं शरीर बदलतं आणि तो बदल पोरांना मिळतो. तसं होत नाही. कोणत्याही मोठ्या कुळात झुरळं एकसारखी नसतात. प्रत्येक पिढीत डीएनएची नक्कल होताना अधूनमधून चूक राहते, आणि आईबापांची जनुकं दरवेळी नव्या जुळणीने पोरांत येतात. त्यामुळे कोणाची चव जरा वेगळी असते, कोणाच्या शरीरात विष मोडणारी विकरं जास्त बनतात, कोणाची कातडी जाड असते. यातले बहुतेक फरक एरवी काहीच कामाचे नसतात, काही तर तोट्याचे असतात. जेल लावलं की त्यातला एखादा फरक अचानक जीव वाचवणारा ठरतो. तो फरक जेलने निर्माण केलेला नसतो. जेलचं काम चाळणीचं, कोण वर राहतो आणि कोण खाली पडतो एवढंच ते ठरवतं.

फरक आधीपासून असतो, हे कशावरून म्हणायचं? १९५२ मध्ये जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या दांपत्याने याचा फार सुरेख पुरावा दिला. त्यांनी एका ताटलीवर जिवाणूंच्या वसाहती वाढवल्या, त्यावर मखमलीचा तुकडा दाबला आणि त्याचा ठसा औषध घातलेल्या ताटलीवर उमटवला. ज्या मोजक्या वसाहती औषधात तगल्या, त्यांच्या जागा त्यांनी मूळ ताटलीवर शोधल्या. तिथले जिवाणू औषधाच्या वाऱ्यालाही आलेले नव्हते, तरी ते आधीच औषधाला दाद न देणारे निघाले. जीवशास्त्रातले मला सर्वांत आवडणारे जे प्रयोग आहेत, त्यात हा फार वर आहे. तुमच्या मुलीला नक्की सांगा. पुस्तकातल्या काळ्या-पांढऱ्या पतंगांपेक्षा यातून मुद्दा लवकर उमगतो.

झुरळांच्या बाबतीत तर अगदी तुमच्यासारखीच गोष्ट घडून गेली आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेत झुरळांसाठी विषारी आमिषं बाजारात आली आणि सुरुवातीला ती फार यशस्वी ठरली. काही वर्षांनी फ्लोरिडातल्या एका अपार्टमेंटमध्ये ती चालेनाशी झाली. ज्यूल्स सिल्व्हरमन नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने त्या घरातली झुरळं प्रयोगशाळेत नेली. आमिषातलं विष त्यांना मारत होतं, पण ती आमिष खातच नव्हती. त्याने एकेक घटक वेगळा करून पाहिला, आणि दोष विषात नाही तर साखरेत आहे, तोही ग्लुकोजमध्ये, हे त्याच्या लक्षात आलं. फ्रुक्टोज तीच झुरळं आवडीने खात होती. साध्या झुरळांशी संकर करून त्याने दाखवलं की ही नावड आनुवंशिक आहे. १९९३ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

ग्लुकोजसारखं पोषक अन्न नाकारणारा प्राणी असेल यावर तेव्हा सहज विश्वास बसण्यासारखा नव्हता. त्याचं कारण कळायला पुढे वीस वर्षं गेली. २०१३ मध्ये आयाको वाडा-कात्सुमाता, सिल्व्हरमन आणि कोबी शाल यांनी झुरळाच्या तोंडाजवळच्या चव घेणाऱ्या बारीक केसांतल्या चेतापेशींचे संदेश मोजले. साध्या झुरळात ग्लुकोज गोडाची चेतापेशी जागी करतं. या झुरळांत ते कडवटाची चेतापेशीही जागी करतं, आणि तिच्या संदेशापुढे गोडाचा संदेश दबतो. थोडक्यात, त्यांना ग्लुकोज कडू लागतं. ठिपक्याला तोंड लावून वळून जाणारं झुरळ विचार करून वळलेलं नसतं. त्याला आलेली चवच वेगळी असते.

याची किंमतही मोजावी लागते. ग्लुकोज असलेल्या अन्नावर वाढताना अशी पिल्लं साध्या पिल्लांपेक्षा सावकाश मोठी होतात. मिलनातही अडचण येते. नर मादीला पाठीवरच्या ग्रंथीतला गोड स्राव देऊ करतो. मादीच्या लाळेने त्यातल्या माल्टोजचं ग्लुकोज होतं, आणि ग्लुकोज न आवडणारी मादी मधेच निघून जाते. आमिष नसेल तेव्हा हा गुण कुळात पसरत का नाही, ते यावरून समजतं. चांगला गुण आणि वाईट गुण असं निसर्गात कायमचं लिहिलेलं नसतं. ज्या स्वयंपाकघरात ग्लुकोजचं जेल आहे तिथे ही नावड जीव वाचवते, जिथे नाही तिथे ती ओझं होते.

आता तुमचा मुख्य आक्षेप, दोन वर्षांचा. उत्क्रांतीचा वेग वर्षांत मोजला की फसगत होते, तो पिढ्यांत मोजायचा. जर्मन झुरळाचं अंड्यापासून अंडी घालण्यापर्यंतचं चक्र उबेत साधारण शंभर दिवसांचं असतं. नवी मुंबईच्या स्वयंपाकघरात बारा महिने ऊब आणि दमटपणा असतो, थंडीत खंड पडेल अशी आशा नको. दोन वर्षांत झुरळांच्या सात पिढ्या होतात. माणसाच्या हिशोबात त्या पावणेदोनशे वर्षं होतील.

एक हिशोब करून बघू. आकडे मी समजण्यासाठी धरलेले आहेत. घरात एक हजार झुरळं आहेत. त्यातल्या दहांकडे जेल टाळायला लावणाऱ्या जनुकाची एकेक प्रत आहे, दुसरी प्रत साधी. एका प्रतीनेही जीव वाचतो असं धरू. जेल लावलं, ९९० मेली. तुम्हाला स्वयंपाकघर साफ दिसलं, कारण ९९ टक्के झुरळं खरोखरच गेली होती. उरलेल्या दहांत पाच माद्या. जर्मन झुरळाची मादी अंड्यांची डबी पोटाच्या टोकाला धरून हिंडते, एका डबीत ३० ते ४० अंडी असतात, आणि आयुष्यात ती अशा चार ते आठ डब्या तयार करते. पाच माद्या, प्रत्येकीच्या पाच डब्या, डबीत ३५ अंडी धरली तर ८७५ पिल्लं होतात. सगळी जगत नाहीत, पण कुळ पुन्हा भरायला एवढी पुरतात.

या पिल्लांचे आई आणि बाप दोघंही वाचलेल्यांपैकी आहेत. मेंडेलचा साधा नियम लावा. पावभर पिल्लांना वाचवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती, अर्ध्यांना एक, आणि उरलेल्या पावभरांना एकही नाही. म्हणजे आधी शंभरात एक असलेला गुण पुढच्याच पिढीत शंभरात ७५ झाला. त्यावर तुम्ही पुन्हा तेच जेल लावलं. २५ टक्के मेली, आणि त्याच्या पुढच्या पिढीत एकही प्रत नसलेली साधारण ११ टक्केच उरली. दोन फेऱ्यांत काम झालं. हे गणित मुलीकडून करून घ्या, पनेट चौकोनात, म्हणजे आईबापांच्या जनुकांच्या जुळण्या मांडायच्या तक्त्यात, पाच मिनिटांत सुटतं.

प्रत्यक्षात इतकं भराभर होत नाही. ग्लुकोजच्या नावडीत एक प्रत असलेलं झुरळ दोन प्रती असलेल्यापेक्षा कमी कडक असतं, त्यामुळे त्यातली काही खाऊन मरतात. काही साधी झुरळं जेलपर्यंत पोचतच नाहीत आणि निव्वळ नशिबाने वाचतात. शेजारच्या घरातून साधी झुरळं येऊन मिसळतात. पण दोन वर्षं तेच जेल लावलं असेल तर हा बदल अशक्य नाही. उलट, तो झाला नसता तर मी त्याचं कारण शोधलं असतं.

इथवरचं एका वाक्यात सांगायचं तर फरक आधी होता, जेलने निवड केली, आणि वाचलेल्यांचं प्रजनन झपाट्याने झालं. तुमच्या घरात हेच झालंय का, ते मात्र बघून ठरवावं लागेल, कारण जेल न खाण्याची साधी कारणंही पुष्कळ असतात.

गॅसच्या शेगडीजवळ लावलेलं जेल उष्णतेने सुकून कडक होतं. सिंकखाली उघडा कचऱ्याचा डबा असेल तर झुरळाला जेलची गरजच उरत नाही. जेल लावल्यावर कोणी डबीतला स्प्रे मारला असेल तर त्याच्या उग्रपणाने झुरळं त्या भागाकडे फिरकत नाहीत. हे मला घरोघरी दिसतं. काही वेळा ठिपके इतके थोडे आणि इतके चुकीच्या जागी असतात की तिथपर्यंत झुरळ जातच नाही. भेसळीची शंका मी धुडकावत नाही, पण ती सर्वांत शेवटी घ्यावी.

तपासायचं असं. रात्री ओटा कोरडा पुसून, अन्न झाकून, कचरा बाहेर ठेवून घ्या. एका जुन्या प्लास्टिकच्या झाकणावर तीन ठिपके शेजारीशेजारी ठेवा: सध्याचं जेल ताजं, वेगळ्या घटकाचं आणि वेगळ्या कंपनीचं दुसरं जेल, आणि थोडं शेंगदाण्याचं बटर. झाकण झुरळांच्या नेहमीच्या वाटेवर ठेवा, मुलं आणि मांजर यांच्यापासून दूर. दिवे बंद करून तासाभराने लाल कागद लावलेल्या टॉर्चने बघा. लाल उजेडात झुरळं फारशी बिचकत नाहीत. तिन्ही ठिपके तसेच राहिले तर झुरळं भुकेली नाहीत किंवा ती वाट त्यांची नाही. बटर आणि दुसरं जेल खाल्लं, पहिलं सोडलं, तर चवीची नावड धरायला हरकत नाही. आणि पहिलं जेलही खाल्लं, पण आठवड्याने झुरळं तितकीच असतील, तर गोष्ट वेगळी आहे: ती खातात, पण मरत नाहीत. अगदी बारकी पिल्लं काय करतात ते विशेष बघा, कारण त्यांच्याकडे अनुभव नाही, फक्त वारसा आहे.

खाऊनही न मरणं हा निवडीचा दुसरा रस्ता आहे, आणि तोही जुना आहे. कीटक औषधाला दाद देईनासे होतात का, हा प्रश्न ए. एल. मेलँडर यांनी अमेरिकेत १९१४ मध्येच विचारला होता, फळझाडांवरच्या एका खवले किडीबद्दल. तेव्हा डीडीटीचा मागमूसही नव्हता. जर्मन झुरळात अशी प्रतिकारशक्ती १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला टेक्ससमध्ये क्लोर्डेन या जुन्या कीटकनाशकाच्या बाबतीत नोंदली गेली. त्या पिढीतल्या डायएल्ड्रिनसारख्या औषधांपासून झुरळाला वाचवणारा एक बदल चेतापेशीवरच्या एका ग्राहक प्रथिनात आहे. डायएल्ड्रिन ज्या जागी चिकटतं तिथला एक अमिनो आम्लाचा घटक बदललेला असतो. ते औषध वापरातून जाऊन दशकं लोटली, तरी तो बदल अनेक ठिकाणच्या झुरळांत अजून सापडतो. आणि आज जेलमध्ये सर्रास वापरलं जाणारं फिप्रोनिल त्याच ग्राहकावर काम करतं. त्यामुळे आजोबांच्या काळातल्या फवारणीचा थोडा फायदा आजच्या झुरळाला फिप्रोनिलविरुद्ध मिळतो. फिप्रोनिलची मात्रा पुरेशी असेल तर तो फायदा बऱ्याचदा अपुरा पडतो, पण शून्य नसतो.

म्हणूनच जेल बदलताना मी कंपनीचं नाव बघत नाही, डब्यावरचा घटक बघते. फिप्रोनिलचं एक जेल सोडून दुसऱ्या कंपनीचं फिप्रोनिलचं जेल आणलं तर विषाच्या बाजूने काहीही बदललेलं नसतं, बदलली तर चव बदलते. इमिडाक्लोप्रिड चेतापेशीवरच्या वेगळ्याच ग्राहकावर काम करतं. इंडोक्साकार्ब आणखी वेगळं, ते कीटकाच्या शरीरात गेल्यावर जास्त विषारी रूप धारण करतं आणि चेतापेशीतल्या सोडियमच्या वाटा अडवतं. एका झुरळाकडे या तिन्हींपासून वाचण्याचे वेगवेगळे बदल एकत्र असण्याची शक्यता फार कमी असते. औषध आलटूनपालटून वापरण्यामागे हाच विचार आहे.

त्यालाही मर्यादा आहे, ती लपवणार नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या गटाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खऱ्या वस्त्यांतल्या इमारतींत सहा महिने तीन पद्धती तपासल्या. तीन औषधं महिन्यागणिक बदलली तर झुरळं वाढली नाहीत, पण कमीही झाली नाहीत. दोन औषधं एकत्र मिसळून मारली तर झुरळं वाढतच गेली. एकच औषध वापरलं तिथे निकाल सुरुवातीच्या विविधतेवर ठरला: जिथे त्या औषधाला दाद न देणारी झुरळं जवळपास नव्हती तिथे कुळ जवळजवळ संपलं, आणि जिथे साधारण दहा टक्के होती तिथे झुरळं वाढली. काही ठिकाणी एका पिढीत प्रतिकार चार ते सहा पटींनी वाढला, तोही जे औषध तिथे वापरलंच नव्हतं त्यांच्याविरुद्धसुद्धा. विष मोडणारी विकरं एकाच विषापुरती नसतात, हे त्याचं एक कारण.

यावरून स्ट्राँग स्प्रेचं उत्तर निघतं. झुरळावर मारायचे बहुतेक स्प्रे पायरेथ्रॉइड नावाच्या कीटकनाशकांच्या गटातले असतात, आणि जर्मन झुरळात या गटाला दाद न देणारे बदल जगभर पसरलेले आहेत. लेबलवर लिहिलेल्यापेक्षा जास्त मात्रा स्वयंपाकघरात मारणं तुमच्या घरच्यांना धोक्याचं आहे आणि ते कायद्यानेही चालत नाही. शिवाय स्प्रे फटींच्या तोंडाशी पडतो, आत खोलवर पोचतो तो अर्धामुर्धा. तिथल्या झुरळांना अपुरी मात्रा मिळते, आणि थोडा प्रतिकार असलेली त्यात आरामात तगतात. मी स्वयंपाकघरात स्प्रे टाळते, जेल चालू असताना तर नक्कीच.

मग निवडीच्या तावडीतून सुटायचं कसं? माझा भर अशा उपायांवर असतो ज्यांच्यापासून वाचवणारा गुण कुळात सहजी सापडत नाही. व्हॅक्यूम क्लीनरच्या निमुळत्या तोंडाने बिजागऱ्या आणि फटींतून झुरळं आणि अंड्यांच्या डब्या ओढून घेतल्या तर जनुकं कुठलीही असोत, ती जातात. पाण्यावाचून जर्मन झुरळ फार दिवस काढू शकत नाही, म्हणून सिंकखालची गळती आणि फ्रिजमागचा पाण्याचा ट्रे हा माझ्या यादीत औषधाच्या वर असतो. बोरिक पावडरही उपयोगी आहे, पण आपल्याकडे कणीक आणि साखरेत मळून गोळ्या करतात तशी नको. गोडाची नावड असलेलं झुरळ गोळी सोडून जाईल. कोरडी पावडर बंद फटींत अगदी पातळ धुरळली तर ती पायांना लागते, झुरळ पाय आणि मिशा साफ करतं तेव्हा पोटात जाते, आणि तिथे चवीचा प्रश्नच उरत नाही. उघड्या फळीवर किंवा अन्नाजवळ ती कधीही टाकू नका, लहान मुलं असतील तर शक्यतो टाळाच.

तुमच्या सोसायटीचा भाग यात फार महत्त्वाचा आहे. जुन्या इमारतींत एका रांगेतल्या सगळ्या स्वयंपाकघरांचे पाइप एकाच डक्टमधून जातात. झुरळांच्या दृष्टीने तुमचा फ्लॅट आणि वरखालचे फ्लॅट ही एकच वस्ती आहे. तुम्ही एकट्याने जेल लावलं तर तुमच्याकडे निवड होते, आणि वाचलेली झुरळं डक्टमधून शेजारी जातात, शेजारची इकडे येतात. ही ये-जा कधी बाधते, कधी थोडी मदतही करते, कारण येणारी साधी झुरळं नावड असलेल्यांशी जुळली की तो गुण विरळ होतो. आपल्याकडच्या कापूस शेतकऱ्यांना हे तत्त्व ऐकून माहीत असेल: बीटी कापसाभोवती (त्याच्या झाडातच अळीला मारणारं विष तयार होतं) साध्या कापसाच्या ओळी लावायला सांगितलं जायचं ते याचसाठी, साध्या बोंडअळ्या तिथे वाढाव्यात आणि प्रतिकार असलेल्यांशी मिसळाव्यात म्हणून. अनेक ठिकाणी त्या ओळी लागल्या नाहीत, आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यात केलेलं नुकसान सगळ्यांनी पाहिलं. शेतात असं राखीव क्षेत्र ठेवता येतं, स्वयंपाकघरात कोणी झुरळं राखून ठेवणार नाही. त्यामुळे आपल्याला उरतो तो दुसरा मार्ग: एका डक्टवरचे सगळे फ्लॅट एकाच आठवड्यात, एकाच घटकाने, आणि पुढच्या वेळी सगळे मिळून दुसऱ्या घटकाने.

नवी झुरळं कुठून येतात तेही बघा. तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटमधून किराणा, कांदे-बटाटे किंवा फळं पुठ्ठ्याच्या खोक्यांतून घरी येतात. पुठ्ठ्याच्या पन्हाळीत अंड्यांची डबी धरलेली मादी आरामात प्रवास करते. ती कुठल्या गोदामातून आली आणि तिथे कोणतं औषध वर्षानुवर्षं वापरलं गेलं, हे आपल्याला कळत नाही, पण त्या औषधातून वाचलेल्यांचीच ती पोर असते. खोकी घरात ठेवू नका, सामान दारातच काढून घ्या.

तुमच्यासाठी पुढची पावलं मी अशी ठेवेन. या आठवड्यात तीन ठिपक्यांची तपासणी करा आणि सिंकखाली, फ्रिजमागे, मिक्सरजवळ एकेक चिकट सापळा लावून त्यावर तारीख घाला. पेस्ट कंट्रोलवाल्याकडून आतापर्यंतच्या जेलमधल्या घटकाचं नाव लेखी मागून घ्या. ते बिलावर यायलाच हवं, आणि ते सांगायला जो तयार नाही त्याच्याकडून काम घेऊ नका. नावड दिसली तर घटकही बदला आणि आमिषही, म्हणजे वेगळ्या कंपनीचं. खाऊन मरत नसतील तर घटक बदलणं पुरे. नवं जेल लावल्यावर पंधरा दिवस कुठलाही स्प्रे नको. नवा घटक तीन महिन्यांच्या वर चालू ठेवू नका, तेवढ्यात एक पिढी उलटते.

आणि निकाल आठवड्याभराच्या स्वच्छतेवरून ठरवू नका, कारण पहिल्या आठवड्यात मरणारी ती सगळी साधी झुरळं असतात. जेल लावल्यानंतर दहाव्या-बाराव्या आठवड्यात त्याच जागी नवे सापळे लावा आणि त्यात पिल्लं किती येतात ते मोजा. वाचलेल्यांची पोरं तोवर हिंडायला लागलेली असतात. तो आकडा, दोन्ही वेळच्या सापळ्यांचे फोटो आणि घटकाचं नाव मला पाठवलंत, तर पुढच्या फेरीला काय लावायचं ते नेमकं सांगता येईल.